चार विषयांत मिळून एकच संशोधन करता येतं का?

खारघरच्या एका पदवी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या तरुण सरांचा प्रश्न आहे. एम.एस्सी. झालं, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झाली, आता पीएच.डी.चं बघायचंय. ओढ चार बाजूंना आहे: गणित, भौतिकी, विज्ञानाचा इतिहास आणि वर्गात शिकवण्याची रीत. केरळचा जुना गणिती माधव याच्या पायच्या श्रेणीचाही त्यांनी उल्लेख केलाय. विभागातले ज्येष्ठ म्हणतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या' होतील, काहीतरी एक धरा. आठवड्याचे तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली सांभाळून हे चारही जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

सर, तुमच्या ज्येष्ठांचं निम्मं बरोबर आहे. मी ठाण्यात पदवीच्या वर्गांना भौतिकी शिकवली आणि निवृत्तीनंतरही लोक प्रस्ताव घेऊन येतात. 'गणित, भौतिकी व विज्ञानेतिहास यांचा समन्वयात्मक अभ्यास' अशा मथळ्याचा कागद समोर आला की मला कळतं, या माणसाने अजून काही वाचायला घेतलेलं नाही. चार विषय शेजारी मांडून त्यांच्यामधून काही निघत नाही. पण विषयाऐवजी एखादी वस्तू धरली, म्हणजे एक नोंद, एक आकडा, एक उपकरण किंवा एक जुनं क्रमिक पुस्तक, तर ती सोडवताना लागतील ते विषय आपोआप दारात येतात. कधी चारही येतात, कधी दोनच. किती येतील ते त्या वस्तूने ठरवायचं, आपण नाही.

तुमच्या अंगणातलंच उदाहरण घेते. खारघरहून तिसरं स्टेशन पनवेल. तिथे, कळंबोलीच्या बाजूला, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची वंशावळ कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत जाते. ईस्ट इंडिया कंपनीने ती वेधशाळा १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होऊ लागल्या. बाळशास्त्री जांभेकर आणि केरो लक्ष्मण छत्रे या दोघांचाही या वेधशाळेशी संबंध होता. छत्रे तर अलिबागजवळच्या नागावचे. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे नक्की झालं. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जाताना थोडा जमिनीत गळतो आणि त्याचं क्षेत्र नाजूक सुईला हलवतं. म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय काम अलिबागला हललं. १९०४ पासून अलिबागच्या नोंदी आहेत आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर मोजणी झाली, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता येते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या नोंदी १९१० मध्ये दोन खंडांत छापल्या. अलिबागच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण आपला इथला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय.

आता या ढिगातली एकच नोंद उचला: २ सप्टेंबर १८५९.

आदल्या दिवशी ग्रिनिच वेळेनुसार सकाळी ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत होता. डागांच्या समूहावर त्याला अचानक पांढरा लखलखाट दिसला. रिचर्ड हॉजसनने तोच स्वतंत्रपणे पाहिला. सुमारे १७ तास ४० मिनिटांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जोरात डळमळलं. इंग्लंडमधल्या क्यू आणि ग्रिनिच वेधशाळांच्या यंत्रांत प्रकाशाच्या ठिपक्याने कागदावर रेघ उमटायची. वादळात ती रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला माणसं डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती, आणि क्षेत्र डळमळू लागलं की जास्त वेळा वाचत होती. त्यामुळे वादळाचा तळ कुलाब्याच्या वहीत उतरला. क्षेत्राचा आडवा घटक साधारण १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं आजचं एकक.) २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लाखिना व सोभना अ‍ॅलेक्स यांनी या नोंदींवरून त्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगभरच्या सौरवादळ अभ्यासकांच्या तोंडी मुंबईचं नाव आलं.

ही गोष्ट म्हणून छान आहे. पण संशोधन सुरू होतं ते 'हा आकडा मला मिळेल का' असं विचारल्यावर.

पहिली अडचण एककाची. त्या काळातले चुंबकीय बल फूट, ग्रेन आणि सेकंदात आहे. नॅनोटेस्ला तेव्हा अस्तित्वातच नव्हता. गाउसने १८३२ मध्ये चुंबकीय तीव्रता लांबी, वस्तुमान आणि काळ यांतच मोजायची रीत दिली. तिच्यात तीव्रतेची मिती म्हणजे वस्तुमान भागिले लांबी याचं वर्गमूळ, भागिले काळ. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, एक फूट ३०.४८ सेंटिमीटर. भागाकार ०.००२१२६, त्याचं वर्गमूळ ०.०४६१. म्हणजे जुनं एक एकक ०.०४६१ गाउस, किंवा सुमारे ४,६११ नॅनोटेस्ला. मुंबईचं आडवं क्षेत्र या एककात आठच्या आसपास येतं, म्हणजे ३७ हजार नॅनोटेस्लांच्या जवळ. हे गणित प्रथम वर्षाच्या मुलाला फळ्यावर करता येतं, आणि मितींचा धडा इतक्या कामाला आलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसरी अडचण वेळेची. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ची. त्याआधीच्या नोंदी स्थानिक वेळेत. कुलाब्याचं रेखांश सुमारे ७२.८ अंश, म्हणून ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे. कॅरिंग्टनने लखलखाट पाहिला तेव्हा मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते आणि वादळ आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास. ही सकाळ महत्त्वाची आहे. दिवसाच्या बाजूला आयनावरणात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, वेगळे प्रवाह वाहतात, त्यामुळे कुलाब्यात दिसलेली घसरण सगळी पृथ्वीभोवती वलयासारख्या वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाची, की काही भाग डोक्यावरच्या प्रवाहांचा, असा वाद उभा राहतो.

वाद नुसता तोंडी नाही. वादळाची तीव्रता आज डीएसटी नावाच्या निर्देशांकात सांगतात. तो १९५७ पासूनचा आहे, चार वेगवेगळ्या रेखांशांवरच्या वेधशाळांतून काढतात आणि ताशी सरासरीत देतात. कुलाबा एकटं ठिकाण आणि १,६०० हा क्षणिक तळ. जॉर्ज सिस्को आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कुलाब्याच्या नोंदींची ताशी सरासरी घेतली, तर उणे ८५० च्या आसपास आकडा आला. समजा एका तासात चार वाचनं आहेत: उणे २००, उणे १,६००, उणे ७००, उणे ३००. तळ १,६००, सरासरी ७००. वही तीच, प्रश्न बदलला की उत्तर अर्ध्याहून खाली. आणि ८५० सुद्धा लहान नाही. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज गेली, त्या वादळाचा निर्देशांक उणे ५८९ होता. वाचनं समान अंतरावर नसतील तर सरासरी कशी घ्यायची, प्रत्येक वाचनाला किती वजन द्यायचं, हे तुमचं गणित. ते दिसायला सोपं आहे, आणि त्यातच शोधनिबंध आपटतात.

आता इतिहास. इथे भौतिकीची माणसं हमखास घसरतात, कारण त्यांना आजचं उत्तर माहीत असतं. १८५९ मध्ये इलेक्ट्रॉन सापडलेला नव्हता, तो १८९७ चा. सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून सतत सुटणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहाची, कल्पना युजीन पार्करने १९५८ मध्ये मांडली. कुलाब्याच्या वाचकाने लिहिलेल्या आकड्याला तेव्हा कुणाकडेच कारण नव्हतं. कॅरिंग्टनने स्वतः लखलखाट आणि वादळ यांची नोंद जवळजवळ केली, पण एकामुळे दुसरं झालं असं म्हणायला तो तयार झाला नाही. तीस-पस्तीस वर्षांनी, १८९२ मध्ये, लॉर्ड केल्विनने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात हा संबंध साफ धुडकावला. त्याने हिशेब मांडला होता: जून १८८५ च्या एका मध्यम वादळासाठी सूर्याला आठ तासांत इतकं काम करावं लागेल, जितकं तो एरवी चार महिन्यांच्या उष्णता आणि प्रकाशात करतो. म्हणून अशक्य.

हा हिशेब मुलांना जरूर द्या आणि चूक शोधायला सांगा. त्यांना गुणाकारात चूक सापडणार नाही, कारण तिथे ती नाहीच. केल्विनने धरलं होतं की सूर्य सर्व दिशांना चुंबकीय लाटा पाठवतो. प्रत्यक्षात भारित कणांचा ढग एका दिशेने सुटतो, स्वतःचं क्षेत्र घेऊन येतो आणि पृथ्वीच्या क्षेत्राशी भिडतो. सूर्यापासूनचे पंधरा कोटी किलोमीटर भागिले १७ तास ४० मिनिटं करा; सेकंदाला सुमारे २,३५० किलोमीटर येतात. प्रकाश तेवढं अंतर सव्वाआठ मिनिटांत कापतो. एवढ्या एका भागाकारावरून कळतं की आलेली वस्तू प्रकाश नव्हती. 'सूर्याचा परिणाम म्हणजे चुंबकीय लाट' हे गृहीतक एकदा निसटलं की केल्विनचा सगळा हिशेब बिनकामाचा ठरतो. गृहीतक आणि आकडेमोड वेगवेगळी तपासायची असते, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

इतिहासाचे खरे प्रश्न मात्र वेगळे आहेत, आणि ते भौतिकीच्या माणसाला सहसा सुचत नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई, मद्रास, सिमला आणि सिंगापूर इथे चुंबकीय वेधशाळांवर पैसा का घातला? जहाजांच्या होकायंत्रांसाठी, हे अर्धं उत्तर. रात्री-बेरात्री दिव्याच्या उजेडात मापं वाचणारे सहाय्यक कोण होते, त्यांना कुणी शिकवलं, पगार किती, चुकीची नोंद सापडली तर काय होई? 'जास्त वेळा वाचा' हा हुकूम कुठल्या पातळीला लागू होत असे? शेवटचा प्रश्न वाटतो प्रशासनाचा, पण वर सांगितलेल्या सरासरीचं वजन त्यावरच अवलंबून आहे. इतिहास आणि गणित इथे खरोखर भेटतात. कुणी ओढून आणावं लागत नाही.

अध्यापनाचा भाग सर्वात अवघड, आणि लोक तोच सर्वात सोपा समजतात. 'नवी पद्धत वापरली, गुण वाढले' हा निबंध लिहू नका. त्यात नव्या पद्धतीच्या तुकडीला शिकवणारा स्वतः संशोधक, उत्साहाने भारलेला. जुन्या तुकडीला दुसरं कुणीतरी, कंटाळलेलं. मग पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, संख्याशास्त्रातली टी-चाचणी आणि निष्कर्ष. वाढ पद्धतीमुळे झाली की माणसामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

त्यापेक्षा लहान प्रश्न घ्या. एकाच वहीतून १,६०० आणि ८५० असे दोन आकडे निघतात हे समोर ठेवल्यावर प्रथम वर्षाची मुलं काय म्हणतात? बहुतेक म्हणतील, एक चुकला असणार. एखादा विचारेल, कशाची सरासरी? आमच्याकडे एका मुलीने विचारलं होतं, 'मॅडम, मग परीक्षेत कुठला लिहायचा?' वर्ग हसला, पण तुमच्या संशोधनाचं साहित्य म्हणजे नेमकं हे वाक्य. गटात बोलताना ध्वनिमुद्रण करा. त्याआधी प्राचार्यांची आणि मुलांची लेखी संमती घ्या, अठराखालच्यांच्या पालकांचीही. आणि बोलणं जसं आहे तसं लिहून काढा. नवी मुंबईच्या वर्गात एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही असतात. ते गुळगुळीत इंग्रजीत उतरवलंत की मूल कुठे अडखळलं तेच पुसलं जातं.

प्रयोगही जोडता येतो आणि त्याला निधी लागत नाही. टांगलेल्या छोट्या चुंबकाचा आंदोलनकाळ क्षेत्राच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३७ हजारांत १,६०० म्हणजे सुमारे चार टक्के. २० आंदोलनांना एरवी १०० सेकंद लागत असतील, तर त्या सकाळी तळाशी १०२ लागले असते. साध्या स्टॉपवॉचवर दिसेल असा फरक आहे, फक्त तळ तेवढा वेळ टिकायला हवा. हे मुलांना सांगितलं की १८५९ च्या वाचकाविषयीचा आदर एकदम वाढतो. फोनमधल्या चुंबकमापीवर आपल्याकडे सुमारे ४३ मायक्रोटेस्ला, म्हणजे ४३ हजार नॅनोटेस्ला, दिसायला हवेत; हे आडवं-उभं मिळून एकूण क्षेत्र. वर्गात मात्र टेबलाचा लोखंडी पाय, स्लॅबमधल्या सळ्या आणि शेजारची लिफ्ट मिळून काहीच्या काही आकडे येतात. खोलीत फोन फिरवून त्या आकड्यांचा नकाशा काढायला लावा. ट्रामच्या भीतीने वेधशाळा अलिबागला का पळाली, ते मग समजावून सांगावं लागत नाही.

आता उलट बाजूचं उदाहरण, जिथे चार विषय येत नाहीत. तुम्ही माधवाच्या श्रेणीचाही उल्लेख केलाय. पायची (π, ३.१४१५९...) ती श्रेणी अतिशय मंद आहे: १ − १/३ + १/५ − १/७ + १/९ याची बेरीज ०.८३४९२, चारपट ३.३३९७. निरुपयोगी. पण केरळच्या परंपरेत शेवटी दुरुस्तीचं पद आहे. पदांची संख्या न असेल तर (न² + १) ÷ (४न³ + ५न). पाच पदांसाठी ते २६/५२५ होतं. वजा करून चारपट करा: ३.१४१५८७. खऱ्या किमतीपासून फरक दशलक्षात सुमारे पाचाचा. दुरुस्तीशिवाय एवढं जवळ यायला जवळजवळ दोन लाख पदं लागतील. वर्गात कॅल्क्युलेटर काढून हे करा, मुलं आ वासतात.

यात गणित आहे, इतिहास आहे, अध्यापन आहे. भौतिकी नाही, आणि ओढूनताणून आणू नका. इतिहासातही हात राखून लिहा. श्रेणींवरचं माधवाचं स्वतःचं लेखन आपल्या हाती नाही. नीलकंठ, ज्येष्ठदेव, शंकर वारियर अशा पुढच्या मंडळींनी त्याचं श्रेय त्याला दिलंय. ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातल्या 'युक्तिभाषे'त, मलयाळम गद्यात, उपपत्ती सविस्तर आहेत, त्यामुळे 'भारतीयांकडे सिद्धता नव्हत्या' हे विधान टिकत नाही. पण ही श्रेणी इथून युरोपात गेली, याला कागदाचा पुरावा नाही. चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंनी काय वाटेल ते बोलता येतं, प्रबंधात नाही.

मराठी माणसासाठी एक जागा जवळजवळ मोकळी आहे, ती सांगते. एकोणिसाव्या शतकातली मराठी विज्ञान-गणिताची पुस्तकं. छत्र्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० ची, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ चं. त्यांच्या आसपास शाळांसाठी लिहिलेली कितीतरी क्रमिक पुस्तकं आहेत, ज्यांत गुरुत्व, उष्णता, हवेचा दाब पहिल्यांदा मराठीत समजावले गेले. इंग्रजीतून काम करणाऱ्या अभ्यासकांना ती वाचता येत नाहीत आणि मराठीतल्या साहित्याच्या अभ्यासकांना त्यातली भौतिकी तपासता येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं. मोडी शिकून घ्या, म्हणजे हस्तलिखितं आणि दप्तरंही उघडतील. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. तिथून सुरुवात करा, मग मुंबईची एशियाटिक सोसायटी, मग राज्य पुराभिलेखागार.

कारभाराचं थोडक्यात. नोंदणी एकाच विषयात करा, कारण मौखिक परीक्षा घेणारे लोक एकाच विषयाचे असतात. शिकण्या-शिकवण्यावरच भर द्यायचा असेल तर वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे विज्ञानशिक्षणात पीएच.डी. होते आणि त्यांची चर्चासत्रं ऐकून प्रश्न कसा लहान करायचा ते कळतं. पहिलं लेखन छोटं असू द्या: एककाच्या रूपांतराचं वर्गातलं टिपण 'रेझोनन्स' या विज्ञानशिक्षणाच्या मासिकाला किंवा भौतिकी शिक्षक संघटनेच्या नियतकालिकाला, इतिहासाचा भाग 'इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स'ला. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्यांचा फोन आला तर ठेवून द्या. आणि प्रत्येक प्रकरण त्या त्या विषयाच्या माणसाला स्वतंत्रपणे दाखवा. भौतिकीवाल्याला इतिहास आवडला, इतिहासवाल्याला समीकरणं भारी वाटली, याला काही किंमत नाही.

पनवेलच्या संस्थेला आधी पत्र लिहून ग्रंथालयाची परवानगी घ्या. छापील खंड हाती आले की थेट २ सप्टेंबरचं पान उघडू नका. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढे वाचत या. २८-२९ ऑगस्टलाही एक मोठं वादळ येऊन गेलं होतं. मग १,६०० ची घसरण मोजायची ती कोणत्या 'शांत' दिवसाच्या पातळीपासून? तो दिवस तुम्ही कुठला निवडता आणि का, एवढं एका पानावर लिहून आणा. मार्गदर्शकाकडे जायला ते एक पान पुरतं.